बावखलातली चोच

इनास,

काल तुझी महिन्याची मिस्सा झाली. मी देवळात मागच्या बाकावर बसलो होतो, दाराजवळ, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर कुणाला दिसू नये. उठलो नाही. फादरांनी तुझं नाव घेतलं तेव्हा रेजिनावहिनींनी मागे वळून पाहिलं. मला शोधलं की सहजच वळल्या, हे मी अजून ठरवतोय. तू म्हणायचास ना, भास्क्याला कुणी नमस्कार केला तरी तो आधी हातात काय आहे ते बघतो.

मिस्सेनंतर बाहेर चहा होता. पेला हातात घेऊन उभा होतो तर शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, "मानूस सोन्यासारा. पन सरकारला बुडवलंन त्यानं. गाडीचा साचाच इकून खाल्लान." दुसऱ्याने मान हलवली. हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतोय. एसटीच्या थांब्यावर ऐकलंय, बाजारात ऐकलंय, तुझ्या अंत्ययात्रेत तर दोन पावलं पुढून ऐकलंय. दर वेळी मीही मान हलवली आहे. काल हलवता आली नाही. चहा सांडला आणि पायावर पोळलं.

म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. साचा तू विकला नाहीस. साचा मी चोरला. बाकीचं मागाहून.

उमेळ्याला रस्त्याकडेची ती पत्र्याची शेड आठवते तुला? आठवते काय विचारतोय, तुझी सगळी हयात त्यात गेली. कागदोपत्री आपण फायबरच्या टाक्या आणि टोप्या करत होतो, कारण मोटार बनवायचा परवाना आपल्यासारख्यांना कोण देणार? जुन्या देशी गाडीचा सांगाडा आणि इंजिन आणायचं, त्यावर फायबरचं अंग चढवायचं आणि दोन माणसं बसतील अशी बुटकी, जमिनीला पोट घासत धावणारी गाडी करायची. निळी पाठ, नारिंगी पोट. नाव खंड्या. शाळा चुकवून आपण आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, त्या बावखलाच्या काठावर बसायचो, तेव्हा जांभळीच्या फांदीवरून सूर मारणारा खंड्या तूच मला दाखवला होतास. "मोटर आशी पायजे," तू म्हणाला होतास. तेव्हा आपल्याकडे दोघांत मिळून एक सायकल होती, तीही माझ्या थोरल्या भावाची.

मी मुंबईत एका ओतशाळेत पॅटर्नमेकर होतो. लाकडात वस्तू घडवायची आणि तिच्यावरून साचा काढायचा, एवढंच मला येतं. तू मला बोलावलंस आणि मी लागलेली नोकरी सोडून आलो. माझी बायको सुमती महिनाभर नीट बोलली नाही. अकरा महिने शिवणीच्या लाकडातून मी ती गाडी तासली, अख्खी, खऱ्या मापाची. तीन भागांत. शेपूट, धड आणि पुढचं तोंड. तोंडाला सगळे कामगार चोच म्हणत. त्या लाकडी गाडीवरून फायबरचा साचा निघाला आणि साच्यातून गाड्या. मुंबईचे हौशी लोक येऊन घेऊन जायचे. एका गिऱ्हाइकाने चोचीवरून हात फिरवून विचारलं, "परदेशातून आणवलंय का डिझाईन?" तू म्हणालास, "व्हय, बावखलापलीकडून."

मग मंदी आली. तेल भडकलं, पेट्रोल बघून टाकायची पाळी आली, आणि हौस सगळ्यात आधी मरते. आगाऊ नोंदवलेल्या गाड्या लोकांनी रद्द केल्या. त्यातच आपला फायबरचा साचा थकला. वीसपंचवीस अंगं काढली की तो तडकतो, मग पुन्हा लाकडी गाडीवरून नवा घ्यावा लागतो. नव्या साच्याला रेझीन हवं, कापड हवं. नऊ कामगार सकाळी येऊन बिड्या ओढत बसायचे आणि तू त्यांना घरी जा म्हणू शकत नव्हतास.

आणि अशात सरकार आलं.

मंदीत सापडलेल्या छोट्या कारखान्यांना मदत, अशी काहीतरी योजना होती. तू अर्ज केलास तेव्हा मी हसलो होतो. रेशनला साखर नाही, रॉकेलला रांग, आणि सरकार दोन माणसांच्या चैनीच्या गाडीला मदत करणार! सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथे सहा आठवड्यांत साहेब दारात हजर. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सरकार जेव्हा वेळेवर येतं तेव्हा माणसाने पाकीट चाचपावं.

साहेबांनी गाडीकडे फारसं पाहिलं नाही. लाकडी गाडीभोवती मात्र तीन चकरा मारल्या. चोचीपाशी वाकून पट्टीने माप घेतलं, फोटो काढले.

"हा मूळ साचा कोणाच्या नावावर आहे?"

"लाकूड हाय ते साहेब," तू हसत म्हणालास. "लाकडाला नाव कसलं?"

ते वाक्य मला लागलं, इनास. अकरा महिने माझ्या तळहाताची सालं गेली आणि तू म्हणालास लाकूड आहे. तू साहेबांची समजूत घालायला म्हणाला असशील. पण मी तेव्हा तसं ऐकलं नाही, आणि ऐकायची इच्छाही नव्हती.

पहिला हप्ता आला. पगार झाले, नाताळात नऊ घरांत केक कापला गेला, आमच्याकडेही तू डबा भरून नेवऱ्या पाठवल्यास. मी त्या खाल्ल्या आणि त्याच संध्याकाळी सहीचा कागद पुन्हा वाचला. त्यात बारीक अक्षरात एक कलम होतं: साचे, आराखडे आणि त्यांवरचे हक्क मदत फिटेपर्यंत कार्यालयाकडे गहाण. मी तुला ते दाखवलं.

"बरोबर हाय, गहाण ठेवल्याबिगर कोन देतंय?"

"मग शेड ठेव गहाण, यंत्रं ठेव. यांना लाकूडच कशाला हवंय?"

"भास्क्या, तुला देवानं डोले दिले ते फकस्त पाठीमागं बघायला काय रं?"

दुसऱ्या खेपेला साहेबांबरोबर मुंबईचा एक शेठ आला. पांढऱ्या गाडीतून. तू त्यांना जेवायला घेऊन गेलास आणि मला नेलं नाहीस. येताना तुझ्या तोंडाला वास नव्हता, खिशात काही नव्हतं, पण माझं ठरलं. हे सगळं साच्यासाठी चाललंय, मंदीचं नुसतं निमित्त आहे, आणि इनास सामील आहे. तू मला शेठबद्दल दोनदा सांगायला आलास. मी दोन्ही वेळा रंधा जोरात चालवला.

दुसरा हप्ता नव्या साच्यासाठी होता. त्याआधी साहेब सोमवारी येऊन लाकडी गाडी तपासणार होते. आदल्या दिवशी, रविवारी, देवळाची घंटा झाली, तुम्ही सगळे मिस्सेला गेलात, बाकीचे बाजारात. मी बैलगाडी घेऊन शेडवर आलो. चोचीचे बोल्ट सोडले, फळीवरून घसरवत तिला गाडीत घेतलं, वर पेंढा टाकला. वाटेत दोघांनी विचारलं, काय नेतोस? म्हटलं, म्हशीला वैरण. उजेडात चोरी करणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

कुठे ठेवायची, हे मला तूच शिकवलं होतंस. तुझ्या आजोळी होडीचं लाकूड बांधायच्या आधी पाण्याखाली बुडवून ठेवत. तू सांगायचास, पाण्याखाली लाकूड मरत नाही, वर-खाली होत राहिलं तर मरतं. आमच्या बावखलात जांभळीखाली खोल आहे. तीन काळे धोंडे बांधून मी चोच तिथे सोडली. मनात म्हटलं, शेठ गेला, साहेब गेला की काढू, आणि इनासच्या पुढ्यात ठेवू. त्याचा चेहरा बघू.

सोमवारी सकाळी तुझा चेहरा बघितला. साहेब आले, लाकडी गाडीला तोंड नाही. कामगार एकमेकांकडे बघू लागले. तू जमिनीकडे बघत दोन पावलं चाललास, वाकलास, काहीतरी उचललंस आणि खिशात घातलंस. मी मनात म्हटलं, शेठची चिठ्ठी! बघा, काय ते संशयाचं डोकं. जमिनीवर चिठ्ठी कोण टाकेल?

साहेब म्हणाले, "चोरी झाली असेल तर पोलिसांत द्या. मी थांबतो."

"चोरी कसली, साहेब," तू म्हणालास. "मीच मोडली ती. नवा घाट करायचा व्हता."

"गहाणाची वस्तू तुम्ही मोडलीत?"

"मोडली."

माझं डोकं तसंच चालू होतं. हा पोलिसांत का जात नाही? म्हणजे याला साचा नकोच होता. म्हणजे शेठशी आधीच ठरलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मदत थांबली. पहिल्या हप्त्यापोटी शेड गेली. नऊ जण कुठे कुठे पांगले. मी मुंबईला ओतशाळेत परत गेलो, आणि तू स्टेशनाजवळच्या एका गाळ्यात उभ्या राहणाऱ्या बिल्डिंगींसाठी पाण्याच्या टाक्या करू लागलास. खरोखरच टाक्या. ज्या कागदावर आयुष्यभर खोटं लिहिलं होतं तो कागद खरा झाला. लोक म्हणू लागले, इनासने साचा विकला, सरकारचा पैसा जिरवला. तू कुणालाही उत्तर दिलं नाहीस. आपलं बोलणं आपोआप कमी झालं. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं.

दोन वर्षांनी एसटीच्या थांब्यावर तू मला गाठून सांगितलंस, ते साहेब नोकरी सोडून त्याच शेठकडे लागले. मी उसळून म्हणालो, "मग? मी सांगत नव्हतो?"

"सांगत व्हतास. तुझा संशय खरा निघाला," तू म्हणालास. "पन त्या खोट्या कागदावर नऊ चुली खऱ्या पेटत व्हत्या, भास्क्या. त्याचं काय करशील?"

"पुढे सगळंच गेलं असतं."

"पुढं. पुढचं पुढं बघितलं असतं दोघांनी."

तेवढ्यात बस आली. हे भांडण तिथेच अर्धवट राहिलं आहे. त्यानंतरच्या चार वर्षांत मी त्याला पुष्कळ उत्तरं जुळवली. रंध्याखालचा भुसा जसा पडतो तशी पडली, एकही कामाचं नाही. मी म्हणतो साचा वाचवला. तू म्हणतोस माणसं गेली. आणि खरं तर साचा तरी कुठे वाचवला मी? मला राग होता, लाकूड म्हणालास म्हणून. सरकारवरचा संशय खरा होता, तुझ्यावरचा संशय ही माझी सोय होती. हे तुझ्यासमोर बोलायला जीभ रेटली नाही. तू गेल्यावर लिहितोय, ही माझी मर्दुमकी.

एक गोष्ट मात्र दर भेटीत व्हायची. वाटेत भेटलास, बाजारात भेटलास, की निघताना तू विचारायचास, "बावखलात पानी हाय ना रं?" मी म्हणायचो, "आहे की, भरपूर." तू म्हणायचास, "मंग बरं हाय." मला वाटायचं, वाडीची चौकशी करतोय, जुनी सवय. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, या एका प्रश्नाचा मला कधी संशय आला नाही.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगतो.

भावांनी वाडी बिल्डरला दिली. उमेळ्यात आता कोणाची राहिलीय? सहा वर्षं मी बावखल उपसू दिलं नव्हतं. दर उन्हाळ्यात गाळ काढून केळींना घालायची आमच्याकडची रीत, पण मी काहीतरी निमित्त काढायचो. मासे मरतील, विहीर आटेल, कंबर दुखते. आता माझं कोण ऐकतंय? बिल्डरने पंप लावले. मी काठावर बसलो. तू महिन्यापूर्वी गेलेला, आता चोच वर आली काय आणि न आली काय, असं मनाला सांगत होतो. आणि एक भीती जुनीच होती. चोच बांधताना मी एक घोडचूक केली होती.

घाई होती, रविवार होता. वाडीत माणसाचा हात ज्या वस्तूकडे जातो तीच मी घेतली. केळीचं सोपट, खोडाच्या सालीची दोरी. पानवेली बांधायला भिजवून ठेवलेली जुडी बैलगाडीत टाकली होती, शेडमध्ये चोचही त्यानेच करकचून बांधली आणि बावखलावर धोंडेही त्यानेच. दुसऱ्या कुठल्याही कामगाराने सुंभ घेतला असता, दोरखंड घेतला असता. पॅटर्नमेकर असलो तरी मी वाडीवाला. सोपट पाण्यात दोन महिने टिकत नाही, हे मला पावसाळ्यात ध्यानात आलं. धावत जाऊन पाहिलं, चोच वर आली नव्हती. लाकूड पाणी पिऊन जड झालं असेल, अशी मी समजूत घातली आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

पाणी उतरलं. जांभळीखाली चिखलातून चोच दिसली. शेवाळलेली, पण धड. एक चीर नाही. कडेने जाळ्याची नायलॉनची दोरी होती, हिरवी पडलेली, आणि तिला गाठ होती ती कोळ्याची, तुझ्या आजोळची, जी मला तू शंभरदा शिकवलीस आणि मला एकदाही जमली नाही. धोंडे चार होते. मी तीन बांधले होते.

मी तसाच चिखलात उभा राहिलो. सुमती काठावरून म्हणाली, "वर या. सांगते."

सोपट कुजून चोच वर आली होती, त्याच श्रावणात. मी मुंबईला कामावर होतो. जलपर्णीत तरंगताना सुमतीने पाहिली. "मी घाबरले. कोणाला सांगू? म्हटलं, ज्याची वस्तू त्याला सांगावं. इनासभावजींना निरोप धाडला."

"मग?"

"आले. काठावर बसून आधी हसले, मग किती तरी वेळ डोळे पुसत होते. खिशातून एक सोपटाचा वाळका तुकडा काढून मला दाखवला. म्हणाले, वहिनी, मला सोमवारीच समजलं व्हतं, शेडमधी असली सुतळी एकच मानूस वापरतो."

"मग नेली का नाही त्याने? स्वतःची होती."

"तेच मी विचारलं. म्हणाले, हा सरकारकडं गहाण टाकलेला माल हाय. भायेर काढला तर भास्क्याला बेड्या पडतील. मी मोडली बोललोय ना, मोडलीच ती. आणि कुंकवाची शपथ घातली मला, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. म्हणाले, त्याला वाटू दे नीट लपवलीय. तेवढा तरी विश्वास असू दे त्याचा कशावर तरी."

त्यानंतर दर वर्षी तू यायचास. मी निर्मळच्या जत्रेला गेलो की, त्या एका दिवशी. दोरी तपासायचास, चहा प्यायचास, जायचास. मी तुमच्या मिस्सेची वेळ साधून चोच नेली आणि तू माझ्या जत्रेचा दिवस साधून ती राखलीस. शेवटच्या वर्षी पायऱ्या उतरताना तुला धाप लागली होती म्हणे. सुमती म्हणाली, राहू द्या. तू म्हणालास, पाणी कमी झालंय वहिनी, एक धोंडा वाढवतो.

पहिल्या रात्री मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या बायकोला शपथ घालून! मला वाटलं, तू मला गळाला लावून सहा वर्षं पाण्यात सोडून ठेवलंस, वाटेल तेव्हा ओढायला. मग आठवलं की तू कधीच ओढलं नाहीस. लोक तुला चोर म्हणत होते, तुझ्या दारात म्हणत होते, एक शब्द टाकला असतास तर सुटला असतास. रेजिनावहिनींनाही तू सांगितलं नव्हतंस. परवा मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मना पन तसंच वाटायचं, इकली आसंल म्हनून." तुझी बायको, इनास. सहा वर्षं तिच्या मनात हे होतं आणि तू तिच्या शेजारी बसून जेवत होतास. ही माझी करणी आहे.

चोच आता आमच्या पडवीत आहे. ओलं गोणपाट घालून ठेवलीय, एकदम वाळली तर तडकेल. त्या नऊ जणांतले सात सापडले. येत्या रविवारी मिस्सा सुटली की तिला बैलगाडीत घालून देवळासमोर नेणार आहे, या खेपेला वर पेंढा न टाकता. फादरांना सांगितलंय. हे लिहिलेलं तिथेच वाचणार आहे, काल ज्यांनी चहा पिता पिता मान हलवली त्यांच्यासमोर. माझं काय व्हायचं ते होवो. गहाणाचा माल आहे, कायदा अजून जिवंत असेल.

दोरीला मी हात लावलेला नाही. बिल्डरची माणसं कोयता घेऊन आली होती, त्यांना हाकललं.

आणि एक सांगायचं राहिलं. रविवारी तू काही वाटेत भेटणार नाहीस, निघताना विचारणार नाहीस. म्हणून आधीच सांगून ठेवतो. बावखलात आता पाणी नाही, इनास.